कंदील विझला नव्हता

पाच महिने झाले. कंदील विझला नव्हता, हे मी अजून स्वतःलाच सांगतो आहे.

यंदा मे महिन्यात आगरातली जुनी विहीर उपसायला घेतली. नळयोजना आल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. तोंडावर फळ्या, फळ्यांवर शेवाळ, फटींमधून वर्षानुवर्षं आत पडत राहिलेला फणसाचा पाला. एका पावसात माडाचं अख्खं चुडत फळी मोडून आत गेलं, ते तिथेच राहिलं. यंदा नळाला आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी पाणी यायला लागलं आणि घरात जुन्या विहिरीची आठवण निघाली. आजोबांनी खणलेली, जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली, पंचवीस हात खोल. मोटर लावून वरचं पाणी काढलं. खाली काळा गाळ उरला. उन्हाची तिरीप पडली की तेल ओतल्यासारखा चमकायचा. वास येत होता, अंडं नासल्याचा. बंद विहिरीला वास यायचाच, असं आम्ही सगळेच म्हणालो.

आबांनी आमच्या वाडीतल्या निम्म्या विहिरी उपसल्या आहेत. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी कंदील मागितला. पेटवला, काच पुसली, कडीला सुंभ बांधला आणि हळूहळू खाली सोडला. लहानपणी हे बघताना मला वाटायचं, खाली कोणीतरी राहतं आणि त्याच्यासाठी हा दिवा चालला आहे. कंदील गाळाच्या हातभर वर थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ज्योत पिवळी आणि स्थिर होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं; असल्या बाबतीत वाडीत शेवटचा शब्द माझा धरतात. मी म्हटलं, "आबा, हवा चांगली आहे."

"मगे उतारतंय," ते म्हणाले.

कमरेला दोर बांधला तो त्यांच्या सुनेनं हट्ट धरला म्हणून. थोडा वेळ घमेली वर येत राहिली. मग एक घमेलं खालीच अडलं. हाक मारली, ओ आली नाही. दोन पोरगे लगेच चिऱ्यांच्या खोबणीत पाय टाकून उतरायला निघाले. त्यांना मी ओरडून मागे ओढलं. विहिरीत एकामागून एक जीव जातात ते असेच, पहिल्याला काढायला गेलेल्यांचे. चौघांनी मिळून दोर खेचला. आबा वर आले तेव्हा ओठ निळसर झाले होते, डोळे अर्धे मिटलेले, गुडघ्यापर्यंत गाळ. वाऱ्यावर आडवं केलं, थोड्या वेळानं उलटी झाली, मग डोळे उघडले. ग्रामीण रुग्णालयात प्राणवायू लावला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो तर उलट मलाच धीर द्यायला लागले. "सर, तुमचो काय दोष नाय. कंदील इझूक नाय."

तेच तर.

कंदील खोटं बोलला नव्हता. ज्योत जगायला लागतो तेवढा प्राणवायू विहिरीत होता, आणि कंदिलाला तेवढाच एक प्रश्न विचारता येतो. पण ती हवा निवांत पडलेल्या विहिरीची होती. आबांचा पाय गाळात रुतला, खोऱ्यानं गाळ फुटला आणि पाला कुजताना त्याच्या पोटात कोंडून राहिलेला वायू बुडबुड्यांनी वर आला. नासक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड मी दर वर्षी वर्गात शिकवायचो. थोडा असला तर नाकाला कळतो. वाढला की नाकाची जाणीवच मारतो, आणि माणसाला वाटतं वास गेला. गाळात मिथेन भरपूर असता तर तोच कंदील ठिणगी ठरला असता. हे सगळं मला पाठ होतं. तरी काठावर उभं राहून मी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावलं, आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवून खाली उतरले आबा.

मला झोप येईना ती एवढ्यामुळेच नव्हे. ही चूक मी आधी वाचलेली होती. आमच्या आगरातली नव्हे, सातासमुद्रापलीकडची. पंधरा वर्षांपूर्वी रात्र रात्र जागून वाचलेली.

तेव्हा विजयदुर्गच्या खाडीपलीकडे, राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर, अणुवीज प्रकल्पाची चर्चा पेटली होती. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या येणार म्हणून. एसटीत, मच्छीबाजारात, देवळाच्या पायरीवर तोच विषय. मला दोन्ही बाजूंचे लोक बोलवायचे, "सर, जरा समजावून सांगा" म्हणून, आणि मी फळा घेऊन जायचो. विखंडन, साखळी प्रक्रिया, नियंत्रक दांडे. एका सभेत सगळ्यांत मागे एक म्हातारी बसली होती, मासे विकून आलेली, रिकामी पाटी शेजारी ठेवलेली. तिनं मध्येच विचारलं, "सर, चुलीत लाकडा घातली की राख होतलीच. ती राख खंय टाकतले?" मी आनंदानं उत्तर दिलं, कारण ते मला येत होतं. म्हटलं, ती राख काचेत बंद करतात. लांब कशाला, आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, तारापूरला करतात. तिथे १९६९ पासून अणुवीज होते, वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया होते, उरलेला अतिकिरणोत्सारी द्रव आधी टाक्यांत साठवतात आणि मग बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. तिनं मान हलवली. मला वाटलं समाधान झालं. ती म्हणाली, "आणि काच होईसर?"

काच होईपर्यंत. टाकीत असेपर्यंत. तेव्हा ती राख काय करत असते?

मला हे येत नव्हतं. घरी आलो आणि शोधायला लागलो. शोधता शोधता पोचलो हॅनफर्डला, कारण जगात या प्रश्नाशी सगळ्यांत जास्त झुंजलेली जागा ती, आणि तिथल्या झुंजीचे कागद कोणालाही वाचायला मिळतात.

अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हे हॅनफर्ड. ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर जो बाँब पडला, त्यातलं प्लुटोनियम इथलं. प्लुटोनियम काढून घेतल्यावर जे उरलं ते जमिनीखाली पुरलेल्या टाक्यांत ओतलं. अशा १७७ टाक्या. १४९ एकेरी पोलादाच्या, त्यातल्या पहिल्या १९४३-४४ मध्ये युद्धाच्या घाईत बांधलेल्या. नंतरच्या २८ दुहेरी. मोठी टाकी ७५ फूट व्यासाची, म्हणजे आमच्या रवळनाथाचं देऊळ सभामंडपासकट आत बसेल. सगळा कचरा मिळून साधारण २१ कोटी लिटर. मूळ कचरा आम्लधर्मी होता. साध्या पोलादाला आम्ल खाऊन टाकेल म्हणून त्यात कॉस्टिक सोडा घालून तो अल्कधर्मी केला. पोलाद वाचलं, पण धातू विरघळलेले राहिनात, ते खाली बसले. अशा तऱ्हेनं टाकीत थर झाले: वर द्रव, कुठे मिठाचे कडक थर, तळाला चिखलासारखा साका. पुढे जागा पुरेना म्हणून एका टाकीतलं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत असं ओततही राहिले. वेगवेगळ्या प्रक्रियांचा कचरा एकमेकांत मिसळला. नोंदी होत्या, पण अपुऱ्या. ज्यांनी ओतलं ते निवृत्त झाले, काही वारले. आणि एक दिवस असा आला की टाकीत काय आहे हे टाकीला विचारण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. १९९० मध्ये अमेरिकन काँग्रेसनं कायदाच केला: ज्या टाक्यांमधून मोठा अपघात होऊ शकतो त्या शोधून काढा, त्यांवर नजर ठेवा. भीती चार तऱ्हेची होती. पेट घेणारे वायू, फेरोसायनाइड, सेंद्रिय रसायनं आणि नुसती उष्णता.

टाकीला विचारायचं कसं, ते वाचताना मी पहाटेपर्यंत बसलो होतो. टाकीच्या छतातून मोजक्या उभ्या नळ्या जमिनीवर आलेल्या असतात. आत शिरायला तेवढीच दारं. आधी आतल्या पोकळीतली हवा यंत्रानं तपासायची. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. तिथला नियम असा की त्याच्या पाव हिश्शाला, म्हणजे १ टक्क्याला पोचला की हातातलं काम ठेवून द्यायचं. द्रवाचा नमुना हवा असेल तर दोरीला बाटली बांधायची. खरंच दोरीला बाटली. बूच लावलेली, वजन बांधलेली बाटली हव्या त्या खोलीवर सोडायची आणि तिथे बूच ओढून घ्यायचं. घट्ट थरांसाठी नळी खुपसायची. कडक मीठ असेल तर ती फिरवत न्यायची आणि पातं तापू नये, ठिणगी पडू नये म्हणून नायट्रोजन सोडत राहायचं. एकेक तुकडा सुमारे इंचभर जाड आणि १९ इंच लांब. वरपासून तळापर्यंत असे एकाखाली एक तुकडे काढायचे, शिशानं मढवलेल्या पात्रात घालायचे आणि प्रयोगशाळेत न्यायचे.

देवगडकडच्या माणसाला इथे आंबा आठवल्याशिवाय राहणार नाही. हापूसमध्ये साका असतो. वरून फळ सोन्यासारखं, वास घमघमीत, देठाशी दाबून बघा, कुठे शंका येणार नाही. आणि कापलं की आत पांढरट, आंबट, बोळ्यासारखा गर. कापल्याशिवाय कळत नाही आणि कापलेला आंबा विकता येत नाही. व्यापारी म्हणून पेटीतला एक कापून बघतो आणि बाकीच्यांवर शिक्कामोर्तब करतो. माझे वडील त्या सुरीकडे श्वास रोखून बघायचे. सगळ्या हंगामाची मेहनत एका फोडीवर. ती फोड चांगली निघाली की त्यांचा चेहरा उजळायचा, पण घरी येताना हळूच म्हणायचे, "एकच कापला त्याने." चांगला निघाला तरी त्यांना ते टोचायचं, हे मला तेव्हा विचित्र वाटे. त्या रात्री मी वहीत गुणाकार केला. ७५ फूट म्हणजे ९०० इंच. इंचभर जाडीचा नमुना म्हणजे टाकीच्या पसाऱ्यातला आठ लाख दहा हजारांतला एक भाग. असे दोन-तीन नमुने घेतले तरी आठ लाखांतले दोन-तीन. आणि तेही नळ्या जिथे आहेत तिथूनच. शंका पलीकडच्या कोपऱ्यात असेल, पण दार इथे आहे, म्हणून सुरी इथेच लागणार.

तरीही त्या लोकांबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला, आणि तो अजून आहे. प्रयोगशाळेत जाड भिंतीच्या खोलीत, शिसं घातलेल्या काचेच्या खिडकीबाहेर उभं राहून, यांत्रिक हातांनी एकेक तुकडा थाळीत ढकलायचा, त्याचा फोटो काढायचा आणि मग शब्दांत लिहायचं: रंग कोणता, ओला की कोरडा, थाळीत पसरला की आकार धरून राहिला. पुढे सगळी यंत्रं आहेत, पण सुरुवात माणसाच्या बघण्यानं. मग त्यातले काही मिलिग्रॅम एका चिमुकल्या भांड्यात घेतात, शेजारी तसंच रिकामं भांडं ठेवतात, आणि दोन्ही सारख्याच गतीनं तापवत नेतात. भरलेलं भांडं उष्णता घेतं आहे की देतं आहे, एवढंच बघायचं. घेत असेल तर बहुतेक वेळा पाणी उडतं आहे. देत असेल तर आत काहीतरी आपणहून जळायला लागलं आहे. कोरड्या पदार्थाच्या ग्रॅममागे ४८० ज्यूल उष्णतेची रेघ आखलेली होती. नमुना त्यापलीकडे गेला की त्या टाकीचा वेगळा विचार. दुसऱ्या यंत्रात पाणी किती ते मोजतात, कारण टाकीत जळणारं आणि जाळणारं दोन्ही शेजारी शेजारी असलं तरी ओल असेपर्यंत ते एकमेकांना भिडत नाहीत. रशियात मायाकला, २९ सप्टेंबर १९५७ ला, अशाच एका टाकीचं थंड ठेवणारं पाणी बंद पडलं, आतलं सुकत, तापत गेलं आणि स्फोट होऊन १६० टनांचं काँक्रीटचं झाकण उडालं. तिथल्या गावांना कित्येक वर्षं कोणी खरं कारण सांगितलं नाही.

पण माझ्या विहिरीचं उत्तर होतं दुसऱ्याच टाकीत. तिचं नाव एसवाय-१०१. ही दुहेरी भिंतीची, नव्यांपैकी. ती भरून झाल्यावर थोड्याच काळात आतली पातळी आपोआप वाढायला लागली. बाहेरून काही घातलेलं नसताना. किरणोत्सारानं आणि रासायनिक क्रियांनी तळाच्या चिखलात हायड्रोजन, नायट्रस ऑक्साइड, अमोनिया तयार होत होते आणि चिखल ते सोडत नव्हता, पिठासारखा फुगत होता. काही महिने असं फुगत राहायचं आणि मग एक दिवस तळाचा थर हलका होऊन उलथायचा, वायू एकदम बाहेर पडायचा, पातळी काही इंचांनी खाली यायची. तिथले लोक त्याला ढेकर म्हणत. हायड्रोजन जळणारा आणि नायट्रस ऑक्साइड जाळायला मदत करणारा, दोन्ही एकाच ढेकरीत. म्हणजे शांत दिवशी पोकळीतल्या हवेचा नमुना घेतला तर तो निर्मळ यायचा. आणि तो खराच असायचा. ती हवा त्या दिवशी निर्मळच होती. प्रश्न हवेचा नव्हताच, खाली कोंडलेल्याचा होता, आणि नळी खुपसणं म्हणजेच त्या कोंडलेल्याला डिवचणं. म्हणून त्यांनी नमुन्याची वेळ ठरवली ती ढेकर येऊन गेल्यानंतरच्या दिवसांत, पुढची येण्याआधी. आमच्याकडे बायका खाडीत तिसऱ्या काढायला जातात त्या ओहोटी बघून. पाणी मागे सरलं की उतरायचं, वळायच्या आत बाहेर यायचं. तेवढ्या वेळात हाताला लागेल ते आपलं.

पुढे जुलै १९९३ मध्ये त्या टाकीत एक पंप सोडला. तो काही बाहेर काढत नाही, आतलाच द्रव तळाशी जोरानं मारतो आणि चिखल ढवळत ठेवतो, म्हणजे वायू साठून एकदम न येता थोडा थोडा येत राहील. ते साधलं. काही वर्षांनी वरची खपली बुडबुडे धरून जाड होत गेली आणि पातळी पुन्हा चढली. मग १९९९-२००० मध्ये त्यातला काही भाग दुसऱ्या टाकीत नेऊन, उरलेल्यात पाणी घालून तो पातळ केला तेव्हा ती टाकी निवली. फेरोसायनाइडची गोष्ट मात्र उलटी. १९५० च्या दशकात कचऱ्यातलं किरणोत्सारी सीझियम खाली बसवण्यासाठी ते टाक्यांत घातलं होतं आणि तापलं तर त्याचा भडका उडेल ही भीती कागदावर अगदी खरी होती. नमुने काढून बघितले तर कित्येक वर्षांच्या उष्णतेनं, किरणोत्सारानं आणि अल्कानं ते बहुतेक विघटित होऊन गेलेलं. वर्षानुवर्षं ज्याला भ्यायलो ते आत उरलेलंच नाही, हे कळायलाही नळीच खुपसावी लागली. मला ते वाचून एखाद्या घरच्या माणसाचा रिपोर्ट चांगला आल्यासारखं वाटलं होतं.

एवढं सगळं कळल्यावर मी म्हातारीला शोधत बाजारात गेलो. ती सुरमईच्या तुकड्या करत होती. मी उभ्या उभ्या तिला टाक्या, नळ्या, ढेकर, सगळं सांगितलं, जमेल तसं मालवणीत. तिचा हात थांबला नाही, पण ती ऐकत होती. मी म्हटलं, काच होईपर्यंत कोणीतरी सतत बघत राहावं लागतं. राखेतले किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम तीसेक वर्षांत निम्मे होतात. हजारांश उरायला तीनशे वर्षं. कान्होजी आंग्रे गेले त्याला जेवढा काळ झाला, तेवढा. ती म्हणाली, "आणि बघणारो मेलो की मगे कोण बघतलो?"

हॅनफर्डची अडचण तिनं कोयता न थांबवता सांगितली होती. काचेचा कारखाना तिथे २००२ मध्ये बांधायला घेतला, तेव्हा पहिल्या टाक्या साठीच्या घरात होत्या. एकेरी टाक्यांपैकी ६७ गळल्या असाव्यात असं हॅनफर्डवालेच मानतात. मला मात्र आठवतात ती टाक्यांवर काम करणारी माणसं. वाफ नाकात गेली आणि डोकं धरलं, घसा जळला असं ती वर्षानुवर्षं सांगत आली. मोजमाप म्हणायचं हवा ठीक आहे. पण वाफेचा एक लोट येऊन जायचा तेव्हा यंत्र दुसरीकडे असायचं, नाहीतर दुसराच वायू मोजत असायचं. पुढे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून काम करायची वेळ आली. आबांच्या पडवीत बसलो होतो तेव्हा मला ती न पाहिलेली माणसं दिसत होती. कोणीतरी काठावर उभं राहून त्यांनाही "हवा चांगली आहे" असं म्हटलं असेल. मनापासून. माझ्यासारखंच.

मृग लागायच्या आधी आम्ही विहीर पुन्हा उघडली. या वेळी कोणीही उतरायचं नाही हे आधीच ठरलं होतं. रत्नागिरीच्या एका ओळखीच्या इंजिनियरकडून वायू मोजायचं यंत्र आणलं, मुठीएवढं, चार वायू एकदम सांगणारं. ते सुंभाला बांधून कंदिलाच्याच जागी सोडलं, गाळाच्या हातभर वर. प्राणवायू ठीक, हायड्रोजन सल्फाइड शून्य. पाच मिनिटांनी शून्य, दहा मिनिटांनी शून्य. कंदिलाचीच साक्ष. मग आबांनी लांब बांबू आत सोडला आणि काठावरून गाळात दोनदा खुपसून फिरवला. आधी आवाज आला. भाताच्या पेजेला कढ येतो तसा, जड, सावकाश. आम्ही सगळे मागे सरलो. काही क्षणांत यंत्र खालून किंचाळायला लागलं. दहा लाखांत दहा भाग झाले की ते ओरडतं. आबा बांबू धरून तसेच उभे होते. त्या आवाजात ते आपल्या पायाखालचं काहीतरी ऐकत असावेत. मला त्यांच्याकडे बघवेना.

तीन दिवस तेच केलं. नळीनं पंख्याची हवा आत सोडायची, शून्य आलं की ढवळायचं, ओरडलं की थांबायचं, पुन्हा हवा. मी वहीत दोन रकाने आखले: ढवळण्याआधी, ढवळल्यावर. दुसऱ्या रकान्यातले आकडे हळूहळू उतरत होते, पण शून्य एकदाही आलं नाही. संध्याकाळी आबा विचारायचे, "आज किती?" आणि मी दोन्ही आकडे सांगायचो. मिळेल तेवढा गाळ वरूनच पोहऱ्यानं काढला. चौथ्या दिवशी पाऊस आला.

आता ऑक्टोबर. विहीर वरून चौथ्या थरापर्यंत भरली आहे, पाणी काचेसारखं दिसतं आणि घरातले म्हणतात, प्यायला काय हरकत आहे? काल मी एक बाटली घेतली, तिला वजन बांधलं, बुचाला वेगळी दोरी लावली. आबा दोर सोडायला आले. वरचं पाणी घेतलं, मधलं घेतलं, मग दोर पूर्ण सोडला. तळाला टेकल्याचं त्यांच्या बोटांना कळलं. त्यांनी दोन हात वर उचलून धरला आणि मी बूच ओढलं. बाटली वर आली तेव्हा पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता. ती पुसून मी चिठ्ठी लिहायला बसलो. आबा खांद्यावरून बघत होते. "सर, खंयच्या पाण्याचा लिवतास?"

मी तारीख घातली. खाली लिहिलं: आगरातली विहीर, तळापासून दोन हात वर, न ढवळता.